न मोजलेलं बाळ

"परत झोपलं तुमचं यंत्र," एस्तेर सिस्टर म्हणाल्या आणि त्यांनी टॅब माझ्या हातात कोंबला.

त्या वॉर्डात 'मेलं', 'गेलं', 'संपलं' असले शब्द कुणी उच्चारत नसे. बल्ब उडाला तरी तो झोपायचा, मशीन बंद पडलं तरी ते झोपायचं. मिरजेतल्या त्या इस्पितळाचा नवजात विभाग सिस्टर कित्येक वर्षं एकहाती चालवत होत्या, आणि तिथं त्यांना विचारल्याशिवाय पंखासुद्धा फिरत नसे. मी आत जाताना चपला काढायच्या विसरले तर त्यांनी मला दारातूनच परत पाठवलं होतं.

आता त्यांच्यामागे दोघी नर्स एका एवढ्याशा बाळाभोवती धावपळ करत होत्या, आणि माझ्या हातात काळा पडलेला टॅब. खाली अपघात विभागात बाळाचं नाव नोंदवलं की वर आमच्या टॅबवर ते दिसायचं, आणि वजनावरून औषधाचे डोस आपोआप निघायचे, असा तो प्रोग्राम. खाली नाव नोंदवलं की तो हमखास आडवा पडत होता.

माझ्याबरोबर आमच्या ऑफिसातले दिगंबर ऐनापुरे आले होते. जुने जाणते, माझ्याहून पंधरा-वीस वर्षांनी मोठे. त्यांनी मान वाकडी करून टॅबकडे बघितलं आणि म्हणाले, "तुझी नवी भाषा. मी काय म्हणत होतो?" आवाजात दुःख वगैरे काही नव्हतं. चांगला आनंदच होता.

दहा वर्षं होत आली ह्या गोष्टीला. मी सव्वीस-सत्तावीसची होते, तोंडानं फटकळ, आणि आमच्या सांगलीच्या ऑफिसात नव्या भाषेत लिहू शकणारी एकटी. एवढ्या भांडवलावर माणूस जेवढा माज करू शकतो तेवढा मी करत होते.

नेमकं काय बिघडलं होतं ते सांगते, अवघड नाही. आम्ही प्रोग्रामवाले सगळं साच्यांतून करतो. साच्याला क्लास म्हणतात. ऐनापुऱ्यांनी जुन्या भाषेत, म्हणजे ऑब्जेक्टिव्ह-सीमध्ये, 'रुग्ण' नावाचा क्लास लिहिला होता. त्याच्या पोटी मी नव्या भाषेत, स्विफ्टमध्ये, 'नवजात' नावाचा क्लास लिहिला. रुग्णाकडे असेल ते सगळं नवजाताला मिळणार, वर त्याचं स्वतःचं म्हणून एक वजन, ग्रॅममध्ये. दोन्ही भाषा एका प्रोग्रामात सुखानं नांदतात. जन्माच्या वेळी मात्र त्यांचं पटत नाही.

जुन्या भाषेत आईबापाची जन्माची जी रीत, ती पोराला आपोआप लागू. रुग्ण नुसत्या नावावर तयार होत असेल तर नवजातही नुसत्या नावावर तयार होणार. मग वजनाच्या जागी काय? शून्य. कुणी विचारत नाही, कुणी अडवत नाही. नव्या भाषेत हे चालत नाही. पोराकडे स्वतःचं काही असेल तर ते आधी भर, मगच आईबापाकडे जा, असा तिचा दंडक. भरलं नाहीस तर आईबापाची रीतही तुला मिळणार नाही. खालच्या काउंटरचा प्रोग्राम ऐनापुऱ्यांचा, जुना. तो माझ्या नवजाताला नुसत्या नावावर जन्माला घालायला बघायचा. माझ्याकडे ती रीतच नव्हती, आणि नवी भाषा सगळं तिथल्या तिथं थांबवायची.

ऑफिसात परत आल्यावर ऐनापुऱ्यांनी सावर्डेकर सरांपुढे हे सगळं मांडलं. सावर्डेकर सर म्हणजे आमचे मालक. जतकडच्या एका कोरड्या गावातून आलेला माणूस, शेरडं राखत शिकलेला, आणि ते अभिमानानं सांगणारा. कंपनी त्यांनी शून्यातून उभी केली होती. सोमवारी इस्पितळाचे विश्वस्त प्रोग्राम बघायला येणार होते, आणि तो पसंत पडला तर पुढची सगळी कामं आमच्याकडे येणार होती.

उपाय ऐनापुऱ्यांकडे तयार होता. नवजाताला ती जुनी रीत द्यायची आणि आत वजनाच्या जागी तीन किलो लिहून टाकायचे. सरासरी. चार ओळींचं काम.

"मी नाही लिहिणार," मी म्हणाले.

सरांनी चष्म्यावरून बघितलं. ऐनापुरे म्हणाले, वीस वर्षं जुन्या भाषेत काढली, असा एकदाही प्रोग्राम पडला नाही. मी म्हटलं, पडला नाही कारण तो शून्य भरून गपचूप पुढे जात होता, आणि तुम्हाला वाटत होतं सगळं ठीक आहे. हे मी जरा जास्तच मोठ्यानं म्हटलं असावं, कारण बाहेर बसलेल्यांच्या माना वळल्या. शेवटी सरांनी शनिवार संध्याकाळपर्यंत मुदत दिली. तोवर मला दुसरा मार्ग सापडला तर ठीक, नाही तर तीन किलो.

मला मार्ग माहीतच होता. खालच्या काउंटरवर वजन टाकल्याशिवाय नाव पुढे सरकूच द्यायचं नाही. साधं, सरळ, कडक. शनिवारी दुपारी मी ते सांगायला मिरजेला गेले, आणि एस्तेर सिस्टरांनी माझी पुरती जिरवली.

"निळं पडलेलं बाळ घेऊन बाई दारात उभी आहे," त्या म्हणाल्या, "आणि मी तुझ्यासाठी आकडे टाकत बसू? आधी श्वास, मग काटा. शहाणी आहेस."

मी वाद घालायला तोंड उघडलं होतं, पण त्यांनी माझं मनगट धरलं आणि काचेपलीकडच्या पाळण्यांपाशी नेलं. त्यांतल्या एका पाळण्यावर तांबडी पट्टी चिकटवलेली होती. वर शाईनं लिहिलेलं, 'वजन बाकी'. आईचं नाव खाली. बाळाला नळ्या लावलेल्या होत्या, त्याला काट्यावर ठेवण्याजोगं अजून झालेलं नव्हतं.

ही त्यांच्या वॉर्डातली रीत होती. वजन न करता आलेलं बाळ आलं की तांबडी पट्टी. पट्टी असेपर्यंत श्वासाचं, उबेचं सगळं करायचं, पण वजनावर मोजायचं औषध कुणी लिहायचं नाही, मग तो कितीही मोठा डॉक्टर असो. फारच गरज पडली तर सिस्टर स्वतः तिथं उभ्या राहायच्या, बाळ नळ्यांसकट उचलून मोजायचं, आणि पट्टी आपल्या हातानं काढायच्या.

"अंदाजानं का नाही लिहीत?" मी मुद्दाम विचारलं.

"अंदाज एकदा कागदावर आला की त्याला अंदाज कोण म्हणतं?" त्या म्हणाल्या आणि दुसऱ्या पाळण्याकडे वळल्या.

मी बसनं परत येताना सगळं डोक्यात जुळवलं. नव्या भाषेत ह्याची सोय होती. वजनाच्या जागी एक तर खरा आकडा, नाही तर 'अजून नाही' असं उघडपणे लिहिलेलं. शून्य नाही, तीन किलो नाही. आणि 'अजून नाही' असेल तिथं डोस काढायला गेलं की प्रोग्राम हात आखडणार. बाळ जन्माला येईल, पण खोटं बोलून येणार नाही. ह्यासाठी ऐनापुऱ्यांच्या काउंटरच्या प्रोग्राममध्येही बदल लागणार होते. चार ओळींचं काम राहिलं नव्हतं, आठवडाभर तरी लागला असता.

संध्याकाळी ऑफिसात सर ऐकून घेत होते. ऐनापुरे शेजारी बसलेले. माझं संपल्यावर सर म्हणाले, "कल्पना चांगली आहे. सोमवारनंतर कर. आत्ता तीन किलो घाल आणि मोकळी हो. सिस्टर नंतर दुरुस्त करतील."

"नंतर कुणी दुरुस्त करत नाही सर."

"कशावरून?"

"तुमचा वाढदिवस कधी असतो?"

ते हसले. "दरवर्षी केक खातेस की. एक जून."

"खरा?"

सरांचं हसू जरा लांबलं. मग ते खुर्चीत मागे रेलले आणि मजेत सांगू लागले. त्यांच्या गावात मास्तर आले, सगळी पोरं ओळीनं उभी केली, उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला लावला. ज्याचा हात पोचला तो सहा वर्षांचा. सगळ्यांना मिळून एक जून. "आमच्या अर्ध्या वर्गाचा वाढदिवस एकाच दिवशी," ते म्हणाले. "काय बिघडलं माझं? उभा आहे की मी तुझ्यासमोर."

माझ्या बाबांचाही एक जून. मी ते ऑफिसात कधी कुणाला सांगितलं नव्हतं, पण त्या दिवशी सांगितलं. शिरोळकडचं आमचं गाव. बाबा लहानपणापासून थोराड, हात लांब. साडेचार वर्षांचे असताना हात कानाला लागला आणि मास्तरांनी त्यांना सहा वर्षांचं करून टाकलं. आजी शेवटपर्यंत सांगायची, गुऱ्हाळाचं छप्पर जळालं त्या वर्षी, संक्रांतीच्या आदल्या दिवशी भूपाल झाला. आजीचं कोण ऐकतं? दाखल्यावर एक जून, म्हणून नोकरीत एक जून, म्हणून एसटीच्या वर्कशॉपमधून बाबा दीड वर्ष आधी निवृत्त. इंजिनाच्या कामात त्यांच्या तोडीचं तिथं कुणी नव्हतं, हेडमेकॅनिकची जागा त्यांच्यानंतर चारच महिन्यांत रिकामी झाली. निरोपाच्या कार्यक्रमात हार घालून त्यांना बोलायला उभं केलं, तर ते म्हणाले, माझं अजून दीड वर्ष आहे. लोक खो खो हसले. टाळ्या वाजवल्या. बाबा विनोद करत नव्हते.

"अजून रस्त्यानं बस गेली की आवाजावरून सांगतात काय बिघडलंय ते," मी म्हणाले. "ऐकायला फक्त आई असते. त्या मास्तरांनाही वाटलं असेल सर, की नंतर कुणीतरी दुरुस्त करेल."

मला वाटलं, जिंकले. सर उठले आणि खिडकीशी जाऊन पाठमोरे उभे राहिले.

"वडिलांचं ऐकून वाईट वाटलं," ते तिथूनच म्हणाले. आवाज अगदी कोरडा. "पण ह्यावर कंपनी चालत नाही. ऐनापुरे, तुम्ही घाला तीन किलो. केतकी, तू सोमवारी येऊ नकोस."

माझ्या डोक्याची शीरच उठली. "येणार सर. आणि कुणी विचारलं तर सांगणार हे वजन आम्ही घातलंय म्हणून. नाही विचारलं तरी सांगणार."

"मग मंगळवारपासून ऑफिसला यायची गरज नाही."

"बरं," मी म्हणाले आणि दार जरा जोरात लावून बाहेर पडले.

नोकरी गेल्यानं मला काडीचा फरक पडत नव्हता असं नाही. सांगलीत त्या वेळी असलं काम देणारं दुसरं ऑफिस नव्हतं. पुण्याला जायचं तर बाबांना आणि आईला सोडून जायचं, आणि बाबा निवृत्तीनंतर असे खचले होते की त्यांना सोडून जायला माझा पाय निघाला नसता. ही नोकरी गेली तर माझं घरात राहणंच गेलं, एवढं मला स्वच्छ कळत होतं.

रविवारी मी बाबांना सगळं सांगितलं. ते स्कूटरचा प्लग साफ करत बसले होते. ऐकताना त्यांनी एकदाही वर बघितलं नाही. मला वाटलं, म्हणतील, कशाला मोठ्या माणसांच्या नादाला लागतेस. प्लग परत बसवून झाल्यावर त्यांनी हात पुसले.

"सांगायचं तर हसत सांगू नको," ते म्हणाले. "मी हसत सांगितलं, म्हणून लोक हसले."

सोमवारी मी गेले. सर दारातच होते, त्यांनी माझ्याकडे बघून न बघितल्यासारखं केलं. वॉर्डाला लागून असलेल्या खोलीत विश्वस्त बसले होते, इस्पितळाचे मुख्य डॉक्टर वाटवे होते, आणि भिंतीला टेकून हाताची घडी घालून एस्तेर सिस्टर. ऐनापुऱ्यांनी फार नीट मांडणी केली, हे कबूल करायला हवं. शेवटी त्यांनी विचारलं, नमुन्यासाठी कुठलं नाव टाकू? सिस्टर म्हणाल्या, "खरंच टाका. सकाळी आलंय, सलमाचं बाळ."

खालच्या काउंटरवर नाव नोंदवलं गेलं. टॅबवर ते लगेच उमटलं. काही पडलं नाही, काही काळं झालं नाही. सलमाचं बाळ, वजन तीन हजार ग्रॅम, खाली औषधांचे डोस सुरेख रांगेत. विश्वस्तांपैकी एकानं मान डोलावली. दुसऱ्यानं 'वा' म्हटलं. सरांचे खांदे जरा सैल झाले.

मी उभी राहिले. हसले नाही.

"हे वजन कुणी मोजलेलं नाही," मी म्हणाले. "प्रोग्राम बंद पडू नये म्हणून आम्ही ते आत लिहून ठेवलंय. कुठलंही बाळ आलं तरी तीनच किलो येईल."

"केतकी, बाहेर जा," सर म्हणाले. ऐनापुरे घाईघाईनं सांगू लागले की ती सरासरी आहे, तात्पुरती आहे, नंतर बदलता येते. डॉक्टर वाटवे एकदा माझ्याकडे, एकदा सरांकडे बघत राहिले. मी जागची हलले नाही. बाहेर काढायचं तर धरून काढावं लागलं असतं.

सिस्टर भिंतीपासून सुटून पुढे आल्या. त्यांनी टॅब उचलला, डोळ्यांजवळ धरून वाचला. मग काचेपाशी गेल्या. काचेपलीकडच्या पाळण्यात सलमाचं बाळ होतं, वर तांबडी पट्टी. ओंजळीत मावलं असतं. ते तीन किलोचं नाही हे सांगायला काटा लागत नव्हता.

"कुणी मोजलं?" सिस्टरांनी विचारलं.

त्यांनी ऐनापुऱ्यांकडे बघितलं, मग सरांकडे. "मी विचारतेय, कुणी मोजलं?"

ऐनापुऱ्यांची मान खाली गेली. सिस्टरांनी टॅबवरच्या पहिल्या डोसावर बोट ठेवलं.

"हे दिलं असतं," त्या सावकाश म्हणाल्या, "तर बाळ झोपलं असतं."

विश्वस्तांना त्याचा अर्थ लागला नाही. डॉक्टर वाटव्यांना लागला, त्यांचा चेहरा एकदम उतरला. आणि सरांनाही लागला असावा, कारण त्यांनी सिस्टरांच्या हातातून टॅब घेतला, बंद केला आणि काखेत धरला.

"आठवडा द्या," ते डॉक्टरांना म्हणाले. "ही करेल. हिला माहीत आहे कसं करायचं."

मग तो आठवडा मी आणि ऐनापुऱ्यांनी एका टेबलावर काढला. नुसत्या नावावर जन्म द्यायची जुनी रीत मी नवजातासाठी उघडपणे बंद करून टाकली. आता ती कुणी वापरायला गेलं तर प्रोग्राम तयारच होणार नव्हता, मग चालताना आडवा पडायचा प्रश्नच नाही. काउंटरनं एक तर मोजलेलं वजन द्यायचं, नाही तर 'बाकी' म्हणून सांगायचं. बाकी असेल तर टॅबवर तांबडी पट्टी, आणि डोसाच्या जागी काहीही नाही. ऐनापुरे दिवसभर कुरकुरायचे, माझ्या नव्या भाषेला नावं ठेवायचे, पण त्यांच्या बाजूचं काम त्यांनी चोख केलं. पट्टीचा रंग सिस्टरांच्या पट्टीशी जुळत नाही म्हणून दोनदा बदलला, तो त्यांनीच.

विश्वस्तांनी प्रोग्राम घेतला. मला कुणी काढलं नाही. पण सर माझ्याशी कामापुरतंच बोलत होते, आणि मीही कमी नव्हते, मी तेवढंही बोलत नव्हते.

मग एक जून आला. दरवर्षीसारखा केक आणलेला होता, सगळे टेबलाभोवती जमलेले. सर केबिनमधून आले, त्यांनी सुरी उचलली आणि परत खाली ठेवली.

"तुम्ही खा," ते म्हणाले. "माझा नाही आज."

लोकांना वाटलं गंमत करतायत. दोघंतिघं हसलेही. सर हसत नव्हते. त्यांनी मला खुणेनं आत बोलावलं, दार लावून घेतलं आणि टेबलावरचं पेन फिरवत बसले.

"तुझ्या बाबांची आई होती सांगायला," ते म्हणाले. "संक्रांतीच्या आदल्या दिवशी म्हणून. माझी आई मी चालायला लागायच्या आत गेली. मी कधी झालो हे सांगणारं कुणीच राहिलं नाही. त्या दिवशी तू विचारलंस ना, खरा का म्हणून? आजवर मला ते कुणी विचारलं नव्हतं."

मी त्यांच्या समोरच्या खुर्चीत बसले.

"ऑफिसच्या प्रोग्राममधून काढून टाक तो," सर म्हणाले. "एक जून."

"त्याजागी काय लिहू?"

"सिस्टर लिहितात ते."

मी माझ्या जागेवर येऊन त्यांची जन्मतारीख पुसली आणि 'बाकी' केली. पण हजेरीचा प्रोग्राम ऐनापुऱ्यांचा, जुना. त्याला रिकामी जागा दिसली आणि त्यानं सवयीप्रमाणे शून्य भरलं. यंत्राचं शून्य म्हणजे एक जानेवारी एकोणीसशे सत्तर. सरांच्या नावापुढे तीच तारीख येऊन बसली, आणि सर जागच्या जागी बारा वर्षांनी तरुण झाले.

मी त्यांना बोलावून दाखवलं. केकची बशी हातात घेऊन ते माझ्या खांद्यावरून पडद्याकडे बघत राहिले.

"आता हा कुणाचा?" ते म्हणाले. "पूस तोही."

मी शून्य भरणारी ओळच काढली आणि तोही पुसला.